होडीचा चार्जर : बारा व्होल्ट, पण कोणते?



गेल्या दिवाळीच्या सुटीत मी बहिणीकडे जानेफळला गेलो होतो. जानेफळ हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील गाव. समुद्र येथून जवळजवळ चारशे किलोमीटर दूर. पण माझ्या नववीतल्या भाच्याने त्या सुटीत एक होडी बांधली होती. प्लायवूडची, दोन फूट लांब, निळ्या रंगाची, आणि काठावर उभे राहून बिनतारी नियंत्रकाने चालवायची. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ती मांडायची होती. मी पोहोचलो तेव्हा होडी अंगणात वाळत होती आणि भाचा मधल्या खोलीत होता. त्या खोलीत पहिल्या वेच्याचा कापूस छातीइतका उंच रचलेला. ढिगाला टेकूनच तो बसला होता. एका हातात होडीची नवी बॅटरी, दुसऱ्या हातात फवारणी पंपाचा चार्जर. दोन्हींची टोके एकमेकांत बसत नव्हती, म्हणून त्याने चार्जरची पिन कापून तारांना चिमटे जोडले होते.

"थांब!" मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

"काहून, मामा? हा बी बारा व्होल्टचा, ते बी बारा व्होल्टची. मंग?"

प्रश्न अगदी रास्त होता. बॅटरी विकणाऱ्याने तिला 'बारा व्होल्टची' म्हटले होते आणि चार्जरवर '१२ व्होल्ट, १.७ अँपिअर' असे स्पष्ट छापलेले होते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आपण दाब जुळवायला शिकतो. दाब तर जुळत होता. तरीही त्याने ते चिमटे लावले असते, तर त्या कापसाचे आणि कदाचित घराचेही काय झाले असते, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते. त्याच्या त्या 'मंग?'चे उत्तर आज आपण शोधणार आहोत.

प्रथम होडीविषयी थोडेसे. बिनतारी संदेशांनी चालणारी होडी ही काही नवी कल्पना नव्हे. निकोला टेस्ला या संशोधकाने १८९८ साली न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अशी छोटी होडी लोकांपुढे चालवून दाखविली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचे पेटंटही मिळविले. तिच्या पोटातही संचायक घटच होते. आपल्याकडे एन.सी.सी.च्या नौदल शाखेतील छात्र जहाजांच्या प्रतिकृती करतात, त्यांच्या स्पर्धा होतात आणि त्यांत यंत्रावर चालणाऱ्या प्रतिकृतींचाही गट असतो. नागपूर समुद्रापासून इतके लांब, पण तेथेही या शाखेचे युनिट आहे. तेव्हा जानेफळच्या मुलाने होडी बांधली यात नवल करण्याचे कारण नाही. होडीला समुद्र लागत नाही, शेततळे पुरते.

होडीत मुख्य गोष्टी चार : पंखा फिरविणारी मोटर, सुकाणू वळविणारी लहान मोटर, संदेश ग्रहण करणारा ग्राहक आणि या सर्वांना वीज देणारी बॅटरी. पहिल्या तिन्ही गोष्टी दुकानातून एकदा घेतल्या की झाले. बॅटरी मात्र रोज रिकामी होते आणि रोज भरावी लागते. म्हणून चार्जर हा होडीचा भाग नसूनही त्याची निवड सर्वांत काळजीने करावी लागते.

आता मूळ प्रश्न घेऊ. 'बारा व्होल्ट' या शब्दांचा अर्थ काय?

बॅटरी ही एकापुढे एक जोडलेल्या घटांची माला असते. एका घटाचा दाब किती, हे घटातील रसायने ठरवितात, आपण नव्हे. घट मोठा केला तर तो अधिक वेळ चालेल, पण दाब तोच राहील. फवारणी पंपाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल असते. त्या घटाचा दाब २ व्होल्ट, म्हणून सहा घट मिळून १२. निकेल-मेटल हायड्राइड घटाचा दाब १.२ व्होल्ट, म्हणून दहा घट मिळून १२. होड्यांत आणि खेळातल्या विमानांत वापरतात त्या लिथियम घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, तीन घटांचे ११.१ होतात आणि दुकानदार त्यालाही 'बारा' म्हणतो. लिथियमचाच एक भाऊबंद आहे, लिथियम आयर्न फॉस्फेट; त्याचा घट ३.२ व्होल्टचा, चार घटांचे १२.८. तोही बाजारात 'बारा'च.

म्हणजे 'बारा व्होल्ट' हे बॅटरीचे आडनाव आहे. एकाच आडनावाची चार घरे असतात आणि चारही घरांच्या रीतीभाती निराळ्या असतात, तसेच हे.

चार्जरच्या दृष्टीने महत्त्वाचा दाब हा नव्हेच. पाणी टाकीत चढवायचे तर नळाचा दाब टाकीतल्या पाण्याहून अधिक हवा. तसेच बॅटरी भरताना चार्जरचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा अधिक असावा लागतो. नाहीतर प्रवाह उलट्या दिशेने जाणारच नाही. किती अधिक, आणि कोठे थांबायचे? या थांबण्याच्या दाबाला आपण 'शेवटचा दाब' म्हणू. चार्जर निवडताना पाहायचा तो हा आकडा, आणि नेमका तोच चार्जरवर पुष्कळदा छापलेला नसतो.

मी भाच्याला मल्टिमीटर आणायला सांगितला आणि पंपाच्या त्या 'बारा व्होल्ट' चार्जरची दोन टोके मोजली. काटा नव्हे, हल्ली आकडेच दिसतात. आकडा आला १४.४. यात चार्जरची काही चूक नाही. शिसे-आम्ल बॅटरीच्या सहा घटांना प्रत्येकी २.४ व्होल्ट मिळावेत, यासाठीच तो बनविलेला आहे. पण हेच १४.४ व्होल्ट तीन लिथियम घटांना लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला येतील ४.८. आणि त्या घटाची मर्यादा आहे ४.२ व्होल्ट. सहा दशांशांचा फरक तुम्हांला किरकोळ वाटेल. तो किरकोळ का नाही, हे पाहण्यासाठी घटांच्या पोटात डोकावले पाहिजे.

शिसे-आम्ल घट १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने केला. सर्वांत जुना आणि सर्वांत सोशिक. त्यात आम्लाबरोबर पाणी असते. घट पूर्ण भरल्यावरही आपण प्रवाह चालू ठेवला, तर त्या जादा विजेने पाण्याचेच अपघटन होते, हायड्रोजन व ऑक्सिजन वायू सुटतात. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने खोली हवेशीर हवी, हे खरे. पण जादा ऊर्जेला खर्च व्हायला एक वाट असते. चूक पाण्यावर भागते, म्हणा ना.

निकेल-मेटल हायड्राइड घटातही पाणी असते. भरून झाल्यावर धन टोकाशी ऑक्सिजन सुटतो, तो घटातच ऋण टोकाशी जाऊन पुन्हा मिसळतो, आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. घट तापला की त्याचा दाब किंचित उतरतो, प्रत्येक घटामागे अवघे काही मिलिव्होल्ट. चढत चढत आलेला दाब असा थोडासा घसरला, की 'भरले' हे ओळखून चांगला चार्जर प्रवाह बंद करतो. हा मला नेहमीच आवडत आलेला भाग आहे. घट बोलत नाही, पण दाबाच्या एवढ्याशा घसरणीने सांगतो की पुरे झाले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. निकेलचा घट दाब पाहून थांबवायचा नसतो, घसरण पाहून थांबवायचा असतो. त्याला शिसे-आम्लाचा ठरावीक दाबाचा चार्जर लावणे म्हणजे मुक्याची भाषा न येणाऱ्याला दुभाषा नेमणे. खेळण्याच्या होडीबरोबर जो स्वस्तातला चार्जर मिळतो, तो घसरण पाहतच नाही. फक्त फार बारीक प्रवाह सोडतो, म्हणून निभावते. हिशेब करा : बॅटरी १८०० मिलिअँपिअर-तासांची, चार्जर २५० मिलिअँपिअरचा. भागाकार सात तासांच्या थोडा वर येतो. पण भरताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून त्याची दीडपट करा, सुमारे अकरा तास. मग घड्याळ पाहून आपणच पिन काढायची. विसरलो तर बॅटरी कोमट राहते आणि तिचे आयुष्य हळूहळू कमी होते.

आता लिथियम. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने हे घट बाजारात आणले आणि त्यांमागच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये याच कुळातला घट आहे. यात पाणी अजिबात नसते. पाण्याऐवजी सेंद्रिय द्रव असतो, आणि तो ज्वलनशील असतो. घट भरताना लिथियमचे आयन धन बाजूच्या पदार्थातून निघून ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. ४.२ व्होल्टपर्यंत सारे सुरळीत चालते. तेथे आपण थांबलो नाही, तर ग्रॅफाइटमध्ये जागा न मिळालेले लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते. दुसऱ्या बाजूला, ज्यातून प्रमाणाबाहेर लिथियम काढून घेतले तो पदार्थ अस्थिर होतो आणि तापला की ऑक्सिजन सोडू लागतो. जळणारा द्रव आत, ऑक्सिजनही आत, आणि उष्णता वाढत चाललेली. येथे चूक भागवायला पाणी नाही. एका मर्यादेनंतर उष्णतेनेच उष्णता वाढते आणि मग पिन काढूनही उपयोग होत नाही.

हे मी केवळ वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत मी स्वतः असाच एक तीन घटांचा लिथियम पॅक साध्या विद्युत्‌ पुरवठ्यावर लावला होता. दाब लावायचा होता १२.६, आधीच्या प्रयोगाचा १४ तसाच राहिला होता आणि तास घेण्याच्या गडबडीत मी तो पाहिला नाही. परत आलो तेव्हा पॅक तळणीतल्या पुरीसारखा टम्म फुगला होता. आग लागली नाही, हे केवळ नशीब. एम.एस्सी. झालेल्या माणसाकडून जे होते, ते नववीतल्या मुलाकडून होणार नाही असे मी कसे म्हणू? भाच्याला मी रागावलो नाही, ते म्हणूनच.

लिथियमचा चार्जर कसा काम करतो, ते आता पाहू. बाजाराच्या दिवशी एस.टी. थांब्यावर लागली की पहिली चाळीस माणसे एका दमात चढतात. आसने भरली की चढण्याचा वेग मंदावतो. शेवटची माणसे एकेक करून, जागा पाहत, सरकत आत जातात आणि मग वाहक घंटी देतो. चार्जर तसाच. आरंभी तो ठरावीक प्रवाह देत राहतो आणि घटाचा दाब चढत जातो. दाब ४.२ ला पोहोचला की तो दाब तेथेच धरून ठेवतो आणि प्रवाह आपोआप कमी कमी होत जातो. प्रवाह अगदी थोडा उरला की घंटी. शेवटच्या दहा-वीस टक्क्यांना वेळ लागतो तो यामुळे. घाई म्हणून येथे दाब वाढवायचा नसतो.

पण घट तीन आहेत, हे विसरू नका. ते एकापुढे एक जोडलेले असल्याने तिघांतून सारखाच प्रवाह जातो. तिघांपैकी एक जरा अशक्त असला, तर तो लवकर भरतो. समजा, चार्जर फक्त एकूण दाब पाहतो आणि १२.६ ला थांबतो. आता ही बेरीज करा : ४.४ अधिक ४.१ अधिक ४.१. उत्तर १२.६ च येते! एकूण बरोबर, आणि एक घट मर्यादेबाहेर. म्हणून होडीच्या लिथियम पॅकला जाड तारांच्या जोडीशिवाय पातळ तारांची एक पांढरी जोडणी असते. तीन घटांना चार तारा, नेहमी घटांपेक्षा एक अधिक. या तारांतून चार्जर प्रत्येक घटाचा दाब वेगळा मोजतो आणि पुढे गेलेल्या घटाला थोपवून धरतो. याला संतुलित चार्जिंग म्हणतात. ज्या चार्जरला ही पातळ जोडणी लावायला जागा नाही, तो होडीच्या लिथियम पॅकसाठी घेऊ नये. किमतीत थोडा स्वस्त असला तरी नाही. माझे हे मत ठाम आहे.

आणखी एक सावधगिरी. हल्ली फवारणी पंपांतही लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. त्यांपैकी काही आयर्न फॉस्फेट जातीच्या असतात आणि त्यांच्या घटाची मर्यादा ३.६५ व्होल्ट असते. चार घटांचे १४.६ होतात. म्हणजे 'लिथियमचा चार्जर' एवढे शब्द वाचूनही भागत नाही. आकडा पाहिला पाहिजे : ११.१ च्या पॅकला १२.६, १२.८ च्या पॅकला १४.६.

दाबाचे झाले. आता प्रवाह किती?

भाच्याच्या पॅकवर '२२०० मिलिअँपिअर-तास' असे होते, म्हणजे २.२ अँपिअर-तास. जो प्रवाह एका तासात क्षमतेइतका भार देतो, त्याला त्या बॅटरीचा 'एक सी' म्हणतात. येथे एक सी म्हणजे २.२ अँपिअर. कंपनीने स्पष्टपणे अधिक लिहिलेले नसेल तर लिथियम पॅक एक सीने भरावा, त्याहून कमी चालेल. पॅकवर '२५ सी' असेही लिहिले होते आणि भाचा म्हणाला, "मंग पंचावन्न अँपिअरनं भरू, दोन मिन्टांत होईन!" गुणाकार बरोबर, अर्थ चूक. तो आकडा बॅटरीतून प्रवाह काढण्याचा आहे, घालण्याचा नव्हे. विहिरीतून एका दिवसात उपसता येते म्हणून एका दिवसात ती भरत नाही.

चार्जरवर अँपिअरबरोबर वॅटही लिहिलेले असतात. तेही जुळायला हवेत. १२.६ व्होल्ट गुणिले २.२ अँपिअर म्हणजे सुमारे २८ वॅट. ५० वॅटचा चार्जर सहज पुरे. चार्जर मोठा असला म्हणून बिघडत नाही, कारण प्रवाह आपण ठरवून देतो. शेवटचा दाब मात्र चुकला तर चालत नाही. शिसे-आम्ल बॅटरीचा प्रवाह तिच्या अंगावरच छापलेला असतो. ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर आरंभीचा प्रवाह २.१ अँपिअरपेक्षा अधिक नको, असे बहुधा आढळते. तुमच्या घरची एखादी घेऊन वाचून पहा.

येथे तुमच्यापैकी कोणी विचारील, की मग होडीत शिसे-आम्ल बॅटरीच बसवावी, चार्जर तर घरात आहेच. प्रश्न चांगला आहे आणि उत्तर होडीवर अवलंबून आहे. विमानाला वजन नको असते, होडीला काही वेळा हवे असते. मालवाहू जहाजाची किंवा ओढनौकेची प्रतिकृती खऱ्यासारखी पाण्यात बसायची तर तिला भार लागतो. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे, रंगाच्या रेषेपर्यंत बुडताना ती ४ किलो पाणी बाजूला सारत असेल, तर तिचे एकूण वजन ४ किलोच हवे. अशा वेळी ७ अँपिअर-तासांची, दोन किलोंहून जड बॅटरी तळाशी ठेवली की भारही झाला आणि वीजही. तिला पंपाचा चार्जर खुशाल लावा. भाच्याची होडी मात्र दोन फुटी, चपळ, हलकी. तिच्यात ही बॅटरी ठेवली असती तर काठ पाण्याखाली गेला असता.

खेड्यात चार्जर निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि शहरातले लोक ती सांगत नाहीत. ती म्हणजे वीज केव्हा असते. शेतावरच्या वाहिनीला अनेक ठिकाणी वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री वीज आली की चार्जर लावून झोपायचे, ही सवय पंपाच्या बॅटरीमुळे घराघरांत लागली आहे. लिथियम पॅकच्या बाबतीत ही सवय मोडा. तो जागेपणी, डोळ्यांसमोर भरायचा. एक सीने भरला तर शेवटचा संथ टप्पा धरून सव्वा ते दीड तासात भरतो. तेवढा वेळ अभ्यासाचे पुस्तक घेऊन जवळ बसता येते.

ज्यांच्याकडे वीज बेभरवशाची, त्यांनी दोन्ही प्रकारे चालणारा चार्जर घ्यावा, म्हणजे घरच्या विजेवर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरही. मग तळ्याच्या काठी पंपाचीच बॅटरी उपयोगी पडते. ती १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची असेल तर तिच्यात ९६ वॅट-तास ऊर्जा. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक उपसू नये, म्हणून ४८. चार्जरमध्ये पाचवा हिस्सा उष्णतेत जातो असे धरले, तर उरले सुमारे ३८. आपल्या पॅकला लागतात ११.१ गुणिले २.२, म्हणजे २४. एक पॅक पूर्ण भरून थोडी शिल्लक राहते. पाहा, ज्या बॅटरीचा चार्जर होडीला चालत नाही, ती बॅटरी स्वतः चालते, मध्ये योग्य चार्जर असला म्हणजे झाले.

काही पथ्ये झटपट सांगतो. चालवून आणलेला पॅक गरम असतो. तो निवल्यावरच लावावा. जोडण्यांत पाणी गेले असेल तर पुसून, वाळवून. फुगलेला, चेपलेला किंवा आत पाणी शिरलेला पॅक पुन्हा भरू नये, कितीही महाग असला तरी. वैशाखात पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंग नको. हे घट ४५ अंशांच्या वर भरायचे नसतात आणि आपल्याकडे तो पारा गाठायला वेळ लागत नाही. भरताना पॅक फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवावा, शेजारी वाळूची बादली. धूर दिसला तर दुरून बटण बंद करून बाहेर पडावे व मोठ्यांना हाक मारावी, तो धूर विषारी असतो. आणि कापूस, कडबा, गोणपाट यांच्या खोलीत कधीही नाही.

भाच्याचा चार्जर आठ दिवसांनी टपालाने आला. लहानसा, ५० वॅटचा, एक ते सहा लिथियम घटांसाठी पातळ जोडण्यांची सोय असलेला, निकेल व शिसे-आम्लाचेही पर्याय असलेला. त्यात 'लिथियम, तीन घट, २.२ अँपिअर' असे निवडून आम्ही पॅक ओसरीवर भरला. पडद्यावर तीन घटांचे तीन आकडे शेजारी शेजारी चढताना पाहून बहिणीनेही काम सोडून पाट घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेततळ्यावर गेलो. जवळच्या लोणारच्या सरोवरात होडी सोडायची त्याची फार इच्छा होती. पण ते अभयारण्य आहे, तेथे असले खेळ करायचे नसतात. शेततळ्याचाही एक धोका आहे. त्याला प्लॅस्टिकचे अस्तर असते, ते ओले झाले की शेवाळलेल्या दगडासारखे निसरडे होते आणि पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. होडी मध्येच बंद पडली की ती आणायला मुले पाण्यात उतरतात, आणि अनर्थ होतो. म्हणून आम्ही दोघे होतो, होडीच्या मागच्या कडीला मासेमारीची लांब नायलॉन दोरी बांधली होती, आणि 'दोरी तुटली तर होडी गेली' असे कबूल करून घेतले होते.

होडी उत्तम चालली. बरोबर १२ मिनिटांनी मी ती परत बोलावली. तिचा वेग अजून मुळीच कमी झालेला नव्हता, म्हणून भाचा नाराज झाला. घरी येऊन पॅक निवल्यावर चार्जरवर लावला. भरून झाल्यावर पडद्यावर आकडा होता १६४०. म्हणजे १२ मिनिटांत होडीने सुमारे १६४० मिलिअँपिअर-तास खर्च केले होते. चार्जर हे असे मोजण्याचे साधनही आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

मी भाच्याला कागद दिला. १.६४ अँपिअर-तास भागिले ०.२ तास : सरासरी प्रवाह ८.२ अँपिअर. लिथियम घट ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नसतो, म्हणून क्षमतेच्या ८० टक्केच वापरायचे : २.२ चे ८० टक्के १.७६. त्याला ८.२ ने भागले की ०.२१५ तास, म्हणजे तेरा मिनिटांना थोडे कमी. आणखी पाच-सहा मिनिटे रेटली असती, तर होडी तळ्याच्या मध्यावर थांबली असती.

भाच्याने भागाकार दोनदा करून पाहिला. मग चिकटपट्टीचा तुकडा घेऊन त्याने नियंत्रकाच्या पाठीवर लावला आणि त्यावर पेनाने लिहिले : '१२ मिनिटं. मंग वापस.'